चोपलेली जमीन

"सारवण झाला. आता भायर रव गो."

गावकाराच्या बायकोने मला दारातच अडवलं. माझं चोपणं, जमीन ठोकून बसवायचं लाकूड, आत राहिलं होतं, तेवढंच न्यायला आले होते. तिने ते केरसुणीने ढकलत ढकलत उंबऱ्याबाहेर काढलं. हात लावला नाही.

एकोणीसशे पन्नास-साठच्या दरम्यानची गोष्ट. मिठबावच्या बाजूचं आमचं गाव. त्या साली भात हातचं गेलं, म्हणून सरकारने गावात सभागृहाचं काम काढलं. चिरे आम्ही महारवाड्याने डोक्यावरून वाहिले. माती आम्ही भिजवली, जमीन आम्ही बायकांनी चोपली. ओल्या मातीला आमचे हात चालले. पण वरून शेणाचा हात फिरला की जमीन सोवळी. तो हात वरच्या जातींच्या बायकांचा.

उद्घाटनाला कणकवलीहून साहेब आले. आम्ही बाहेर, उरलेल्या चिऱ्यांवर बसलो होतो. साहेब म्हणाले, "ही वास्तू सर्व गावाची आहे. सर्वांनी इथे यावं."

मला ते खरंच वाटलं. मी उठले, आत गेले, मी चोपलेल्या कोपऱ्यात जाऊन बसले.

मला बाहेर काढायचं तर शिवावं लागलं असतं. मग आत बसलेले तेच उठले. एकेक करत सगळे गेले. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि तेही गेले. एवढ्या मोठ्या सभागृहात मी एकटी. माझ्या वाडीतलंही कोणी आत आलं नाही. आये दारातून रडत म्हणाली, "ऊठ गो बाये. आपणाक ह्याच गावात रवाचा आसा."

मला तिचा राग आला. अजून येतो.

नुसता माझा कोपरा नाही, त्यांनी सगळीच जमीन खणून काढली. आणि मग गावकाराचा माणूस वाडीत आला. लांब उभा राहून म्हणाला, "जमीन परत घालूची आसा. चोपूक येवा."

मी हसले. माझ्या बसण्याने बाटली म्हणून खणली, आणि पुन्हा घालायला आम्हीच.

"मी येवचंय नाय," मी म्हटलं.

"गप रव," आये म्हणाली. "चूल कशी पेटतली?"

घरातलं चोपणं मी मांडीखाली घेऊन बसले. आये शेजारणीचं मागून घेऊन गेली. सगळी वाडी गेली. दिवसभर मला घरात तो आवाज ऐकू येत होता, धप् धप्. त्यातला आयेचा कुठला, ते कळत नव्हतं. इतकं एकटं मला त्या सभागृहातही वाटलं नव्हतं.

संध्याकाळी आये आली. शेजारणीचं चोपणं परत देऊन चुलीपुढे बसली. पुढे कितीतरी दिवस वाडीतलं कोणी माझ्याशी बोललं नाही.

चोपणं अजून माझ्याकडे आहे. त्याने मी माझं अंगण चोपते. जिथे मला बसू देणार नाहीत, ती जमीन मी चोपणार नाही. उपाशी राहीन, पण चोपणार नाही.