गौरीचे पैंजण

शेजारणीच्या नातीचे पैंजण आज छुमछुमले आणि धरणगावचं ते अंगण डोळ्यांपुढे आलं.

माझी गौरी बोलत नाही, हाकेला वळत नाही. दार उघडं दिसलं की निघते. म्हणून लहानपणी तिच्या पायांत घुंगरांचे पैंजण घातले होते. त्या सकाळी मी चुलीवर भरताची वांगी भाजत होते. अंगणात छुमछुम चालू होती, म्हणून मी निर्धास्त होते.

तेवढ्यात शेजारचे नाना तिला कडेवर घेऊन धापा टाकत आले. "माय, तुनी पोर ट्रकना पुढे उभी व्हती!"

मी धावत बाहेर आले. गौरीचे पाय मोकळे, आणि अंगणात छुमछुम चालूच! बघते तर बकरीच्या करडाच्या गळ्यात तिचे पैंजण, तिनेच काढून अडकवले असणार.

आता ती माझ्या खांद्याला लागते. तरी पैंजण ऐकले की मी उठून आधी तिला हात लावून बघते.