राणी कशी दिसते ते सांगा

“ही बाई राणी आहे हे मला कसं कळणार?” प्रज्ञा मॅडमनी हेडफोन खाली सरकवून विचारलं.

“मॅडम, बोललो ना मी तिथे. ‘तेजस्वी, दैवी सौंदर्याची एल्फ राणी अवतरते.’”

“ते तुम्ही तिला सर्टिफिकेट दिलंत. मला दिसलं काय?”

मी नीलेशकडे बघितलं. नीलेश आमचा साउंड इंजिनीअर. नीलेशने स्क्रीनकडे बघितलं. ज्यांना दिसतं त्या दोघांनाही काही सुचेना.

आमचा स्टुडिओ म्हणजे वर्तकनगरच्या एका सोसायटीतला तळमजल्याचा फ्लॅट. बेडरूमच्या भिंतींना फोम लावलाय, तिथे रेकॉर्डिंग होतं. किचनमध्ये चहा आणि एडिटिंग. मालकीण अनघाताई. मी तिथे आवाज देतो. जाहिराती, डबिंग, कार्टूनमधला बेडूक, जे येईल ते. नकला करत मोठा झालो. मुरबाडला शाळेत असताना एकही सर सोडले नाहीत, आणि एकाही सरांनी मला सोडलं नाही.

हे काम मात्र वेगळं होतं. ऑडिओ डिस्क्रिप्शन. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी पिक्चर बोलून दाखवायचा. एक डायलॉग संपतो, दुसरा सुरू व्हायचा असतो. मधल्या मोकळ्या जागेला आम्ही गॅप म्हणतो. त्या गॅपमध्ये पडद्यावर काय दिसतंय ते सांगायचं. कधी गॅप एवढी बारीक की ‘दार उघडतं’ एवढंच मावतं.

पिक्चर होता इंग्लिश फँटसी, कुठल्या तरी जाडजूड कादंबरीवरून काढलेला, मराठीत डब झालेला. नाव सांगायला बंदी आहे. त्यात एल्फ होते. एल्फ म्हणजे टोकदार कानांचे, जंगलात राहणारे, कधीच म्हातारे न होणारे लोक. त्यांचे राजे, त्यांच्या राण्या, त्यांच्या सभा. स्क्रिप्टही मी लिहिलेली आणि आवाजही माझाच. पहिल्यांदाच. अनघाताई बोललेल्या, “हे नीट केलंस तर पुढची अख्खी सिरीज तुझी.” माझ्यासाठी त्याचा अर्थ होता, बेडकातून सुटका.

फक्त प्रज्ञा मॅडमचा ओके हवा होता. त्या ठाण्यातच बँकेत आहेत, राहतात डोंबिवलीला, आणि सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे क्यूसी करतात. क्यूसी म्हणजे माल बाहेर जायच्या आधीची तपासणी. त्यांना जन्मापासून दिसत नाही. त्यामुळे त्यांना समजलं तर सगळ्यांना समजणार.

आणि त्यांना काहीच समजत नव्हतं.

खरं सांगायचं तर मलाही ते एल्फ समजले नव्हते. मी पडलो नकलाकार. मला माणूस दिसतो तो त्याच्या वाकडेपणातून. कोणी नाक ओढतो, कोणी बोलताना पँट वर करतो. तेवढं पकडलं की माणूस खिशात. हे एल्फ राजे म्हणजे इस्त्री करून हँगरला लावलेली माणसं. सुरकुती नाही, घाम नाही. पकडायचं कुठे? मग मी विशेषणं मारली. तेजस्वी, दैवी, अलौकिक. लग्नाच्या सूत्रसंचालनाची दांडगी प्रॅक्टिस होती.

“आणि ते ‘दुधासारखी गोरी’ जरा बघा,” मॅडम म्हणाल्या.

“पण ती आहे मॅडम गोरी.”

“असेल ना. रंग सांगा की, एकदा सांगा. तुम्ही राणी आली की गोरी म्हणता आणि राक्षस आले की काळेकुट्ट. म्हणजे कोण चांगलं ते मी रंगावरून ओळखायचं? माझ्या आत्याचं असंच आहे. स्थळं बघताना.”

नीलेश खदखदून हसला. मी पण हसलो, पण माझे कान तापलेले. स्टुडिओत लोकांना हसवायचं काम माझं. इथे बाई येऊन मलाच गिऱ्हाईक करून गेली, असं वाटलं.

पुढचा सीन लागला. एल्फांची सभा. मॅडम ऐकायला लागल्या. ऐकताना त्यांची एक पद्धत होती. मान डावीकडे कलायची, डोळे वर कुठेतरी, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, ओठ किंचित उघडे. मी समोरच बसलेलो. आणि मला तो वाकडेपणा दिसला.

मी नीलेशला कोपराने ढोसलं आणि तसाच बसलो. मान, डोळे, ओठ, सगळं हुबेहूब. आवाज न करता. आवाजाची गरजच नव्हती ना. तीच तर गंमत होती.

नीलेशला आवरलं नाही. त्याच्या नाकातून फुस्सकन हसू सुटलं.

मॅडम एक कान नेहमी हेडफोनच्या बाहेर ठेवतात, हे मला माहीत नव्हतं.

“काय झालं?”

“काय नाय मॅडम,” नीलेश बोलला. “मोबाइलवर रील आलेलं.”

“आवाज नाही आला.”

“म्यूट होतं.”

“मग दोघांनी बघितलंत. खुर्ची करकरली ती सौरभची. सौरभ, काय होतं रीलमध्ये?”

मी तोंड उघडलं आणि समोर बघितलं. दारात अनघाताई उभ्या होत्या, हातात चहाचा ट्रे. कधीपासून उभ्या होत्या ते त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं.

“सौरभ,” त्या शांतपणे म्हणाल्या, “त्यांनी काहीतरी विचारलं आहे.”

“मॅडम, मी... जरा मस्करी करत होतो.”

“मस्करी हे तुमचं मत झालं,” मॅडम म्हणाल्या. “दिसत काय होतं? सांगा. कामच आहे ना तुमचं ते?”

मी खोटं बोलू शकलो असतो. पण ट्रेवाली बाई दारात होती. म्हणजे खरं बोललो ते काही मोठेपणाने नाही.

घसा खाकरला. आणि काय सवय असते बघा, आपोआप डिस्क्रिप्शनच्याच सुरात आलो.

“सौरभ खुर्चीत पुढे सरकतो. मान डावीकडे कलवतो. डोळे वर, छताकडे. पापण्या अर्ध्या मिटतो. ओठ थोडे उघडतो. तसाच बसून राहतो. नीलेश त्याच्याकडे बघतो. नीलेश हसतो.”

“आणि समोर?”

“समोर... प्रज्ञा मॅडम बसल्यात. हेडफोन लावून ऐकतायत. मान डावीकडे. डोळे वर.”

नीलेश कीबोर्डकडे बघत होता, जसं काही त्यावर सुटकेचं बटण आहे.

मॅडम बोलल्या. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

“मी अशी दिसते होय ऐकताना? कोणी सांगितलंच नव्हतं कधी.”

मग त्यांनी हेडफोन काढून वायरची नीट गुंडाळी केली. “हे वर्णन बरोबर होतं. एक विशेषण नाही. सगळं कळलं मला. राणीचं असं लिहा.”

मी पटकन उठलो. “मॅडम, रिक्षापर्यंत सोडतो.”

“नीलेश सोडेल.”

हसलेला माणूस चालत होता, मी चालत नव्हतो. बरोबरच होतं.

अनघाताईंनी ट्रे टेबलावर ठेवला. मला वाटलं आता शिव्या. पण त्या तसल्या नाहीत.

“स्क्रिप्ट नव्याने लिही. त्या पुन्हा येतील की नाही, हे मी विचारणार नाही. ते तू विचारायचंस. नाही आल्या, तर हे काम मी दुसऱ्याला देईन. आणि सौरभ, तो चहा त्यांच्यासाठी होता. आता तू पी.”

तो चहा मी प्यालो. तसला चहा शत्रूला पण मिळू नये.

कल्याणला घरी आलो आणि पिक्चर आवाज बंद करून लावला. मग रेफरन्सला आणखी तसलेच तीन-चार पिक्चर काढले. विशेषण सुचलं की स्वतःलाच विचारायचं, दिसतं काय?

आणि दिसायला लागलं. एल्फ राजा नेहमी उंचावर. पायऱ्या असतात, नाहीतर झाडाची मुळं वर चढत गेलेली, त्यावर सिंहासन. कॅमेरा खाली ठेवलेला, म्हणजे आपण मान वर करूनच बघायचं, टेंभी नाक्याच्या देवीसमोर लाइनीत उभे असल्यासारखं. लाइट मागून, त्यामुळे केसांच्या कडा पेटल्यासारख्या दिसतात. झगा जमिनीपर्यंत. पाय दिसत नाहीत. राणी चालत नाही, सरकते. वारा सुटला की बाकीच्यांचे केस तोंडावर येतात, तिचे येत नाहीत. बाकीचे चिखलाने माखलेले, तिच्या झग्याच्या काठाला डाग नाही. मुकुट सोन्याचा जड नाही, बारीक फांद्यांचा, उगवल्यासारखा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, ती घाई करत नाही. दूत धापा टाकत येतो, हातवारे करतो, ही हलत नाही. जो हलत नाही तो मालक. बाहुबळ दाखवायची गरजच नाही.

हे सगळं मी पहिल्यांदा पण बघितलेलं. फक्त त्यावर ‘दैवी’ असं झाकण मारलेलं.

सभेच्या सीनला अडलो. दूत युद्धाची बातमी सांगतो, राणी ऐकते. चांगली लांब गॅप होती, पण ती ऐकताना नक्की करते काय ते शब्दांत येईना. मग मी माझी पद्धत वापरली. आरशासमोर बसलो आणि स्क्रीनवर बघून तिची पोज घेतली. मान थोडी डावीकडे. डोळे दूतावर नाहीत, त्याच्या वर, पलीकडे कुठेतरी. पापण्या अर्ध्या. ओठ किंचित उघडे.

आरशात बघितलं. आरशात प्रज्ञा मॅडम होत्या.

दुपारी केलेली तीच मान, तेच डोळे. तेव्हा नीलेशच्या नाकातून हसू आलेलं. इथे त्याच पोजला पिक्चरवाल्यांनी मागून लाइट लावलेला, खालून कॅमेरा लावलेला, डोक्यावर फांद्यांचा मुकुट ठेवलेला. आणि अख्खं थिएटर श्वास रोखून बघणार, काय ही राणी!

मी आरशावर टॉवेल टाकला. मग सीन लिहिला.

मॅडमना फोन करायला दोन दिवस धीर होईना. शेवटी माजिवड्याला बससाठी थांबलेलो, तिथूनच लावला.

“मॅडम, सौरभ बोलतोय. स्टुडिओतला.”

“कोणाच्या आवाजात?”

“माझ्याच.”

“बोला.”

मी सॉरी बोललो. बरंच लांबवलं. त्यांनी मध्येच थांबवलं. “ते कळलं. स्क्रिप्ट झाली का?”

“झाली.”

“रविवारी येते. पिक्चरसाठी येते, तुमच्यासाठी नाही. एवढं लक्षात ठेवा.”

रविवारी आम्ही चौघं बसलो. अनघाताई पण पूर्ण वेळ. पिक्चर सुरू झाला आणि माझं लक्ष स्क्रीनवर नव्हतंच. मॅडम ऐकत होत्या. मान ताठ. अगदी सरळ, पासपोर्टच्या फोटोला बसावं तशी. मान मध्येच थोडी कलायची, त्या लगेच सावरायच्या. सरळ करायच्या. पुन्हा कलायची, पुन्हा सरळ.

ती मान मी सरळ केलेली. जन्मापासूनची त्यांची ऐकायची पद्धत मी एका फुस्सकन हसण्यात घालवलेली. आता त्या अर्धा पिक्चर ऐकत होत्या आणि अर्धं लक्ष मानेवर.

सभेचा सीन आला. स्पीकरमधून माझाच आवाज. “दूत गुडघ्यावर बसतो. राणी उंच मुळांवर बसलेली. मागून उजेड. ती मान डावीकडे कलवते. नजर दूतावर नाही, त्याच्या पलीकडे. पापण्या अर्ध्या मिटलेल्या. ती ऐकते. सभा थांबते.”

मॅडमनी हात वर केला. नीलेशने पिक्चर थांबवला.

“हे पडद्यावर आहे?” त्यांनी विचारलं. “की मला बरं वाटावं म्हणून घातलंत?”

“आहे मॅडम.”

त्यांनी चेहरा नीलेशच्या दिशेने वळवला.

“आहे मॅडम, आईशपथ,” नीलेश बोलला.

“तुम्ही तर रील बघत होतात.”

नीलेश परत कीबोर्डमध्ये गेला.

“अनघा?”

“आहे, प्रज्ञा,” अनघाताई म्हणाल्या. “मी बघते आहे. अगदी तसंच आहे.”

“बरं. लावा पुढे.”

पिक्चर पास झाला. एक-दोन गॅप पुढेमागे केल्या, तेवढंच. सिरीज मला मिळाली. क्यूसीला मॅडमच असतात, आणि हल्ली माझ्या विनोदाला कधीतरी हसतात पण. मात्र आजही मी एखादी गोष्ट अशी दिसते म्हणून सांगितली की त्या एकदा अनघाताईंना विचारून घेतात. आमच्या धंद्यात ऐकणाऱ्याकडे आपला शब्द सोडून दुसरं काहीच नसतं. तो एकदा सांडला की सांडला.

आणि मान अजून सरळच असते.

नकला मी अजून करतो. फक्त आधी मनात एकदा डिस्क्रिप्शन बोलून बघतो. जे त्या माणसाला तोंडावर वर्णन करून सांगता येणार नाही, ते करायचं नाही. धंदा जरा मंदावलाय.