मळीतलं गाऱ्हाणं

बाबल गेल्याचा फोन आला तेव्हा मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात त्याच्याच कामासाठी हुज्जत घालत होते. बाबल म्हणजे माझा धाकटा दीर. सकाळी निघताना त्याने बजावलं होतं, त्याच्याकडे फुटबॉल शिकणाऱ्या एका पोराच्या बुटातून अंगठा बाहेर आलाय, जुना जोड मिळाला तर घेऊन ये. मी दुकानदाराला बुटाचा तळवा उलटा करून दाखवत होते, तेवढ्यात फोन वाजला. मळीत, आमच्या भातशेतात, मैदानाच्या रेघा मारता मारता बाबल खाली बसला तो उठलाच नाही... पुढचं मला नीट आठवत नाही. बसमध्ये बसल्यावर बघते तर बूट मांडीवर होते आणि दोन्ही डाव्या पायाचे. तेव्हा जे रडू फुटलं ते त्याच्यासाठी की त्या बुटांसाठी, देव जाणे. कंडक्टर बिचारा तिकीट मागायला दोनदा येऊन परत गेला.

आम्ही मूळचे दोडामार्गाकडचे, पण गोव्यात लाटंबार्शात राहून जन्म गेला. बाबल खाणीवर ट्रक चालवायचा. खाण बंद पडली आणि हा घरी बसला. गावात ट्रकवाल्यांची, काजूच्या बागांत राबणाऱ्यांची पोरं दिवसभर उंडारत असायची. शहरातल्या फुटबॉलच्या शिकवणीची फी ऐकूनच त्यांच्या आया गप्प होत. बाबलने ही सगळी पोरंपोरी गोळा केली आणि भात कापून मोकळ्या झालेल्या आमच्या मळीत शिकवायला सुरुवात केली. फी काय, तर घरटी डबाभर राख! चुना परवडत नव्हता, म्हणून मैदानाच्या रेघा चुलीच्या राखेने मारायच्या. ज्यांच्याकडे गॅस होता त्यांची मात्र पंचाईत झाली. एक बाई पोराची फी भरायची म्हणून दर शनिवारी अंगणात काजूचा पाला जाळत बसायची, आणि तो सगळा धूर माझ्या स्वयंपाकघरात.

बूट सगळ्यांचे सामाईक. यायचं, मापाचा जोड शोधायचा, खेळून झालं की परत ठेवायचा. कुठे ठेवायचा? तर आमच्या बल्कांवात, दारापुढच्या ओसरीवर, जिथे संध्याकाळी मी बसते. त्या वासापुढे सुकी मासळी बरी. घरी आलेले पाहुणे चहा आत बसून प्यायचे. एकदा माझं डोकं फिरलं आणि मी सांगून टाकलं, आता एकतर बूट राहतील नाहीतर मी. बाबल शांतपणे म्हणाला, "वहिनी, तुका म्हायार तरी आसा. ह्या बुटांनी जावचा खंय?" मला हसू आलं, आणि तिथेच मी हरले.

पण त्याचा खरा छळ म्हणजे गाऱ्हाणं. सरावाआधी कोपऱ्यात नारळ ठेवून हा हात जोडायचा आणि राखणदारापासून सगळ्या देवांना हाका मारायचा. पायात काटा भरू नये, हाड मोडू नये, बॉल काजूच्या कुंपणात जाऊ नये. पोरं मागून "व्हय म्हाराजा" म्हणायची. सामना असला की गाऱ्हाणं आणखी लांबायचं, कारण पाहुण्या संघासाठीही मागणं असायचं. वास्कोहून एक संघ आला होता. पंच तोंडात शिट्टी धरून उभा, आणि वास्कोची पोरं आमच्यापेक्षा मोठ्याने "व्हय म्हाराजा" म्हणतायत. त्यांनी आम्हाला धू धू धुतलं. आमची पोरं बाबलवर चिडली. तुम्ही त्यांच्यासाठी कशाला मागितलंत, म्हणाली. बाबलचं एकच म्हणणं, "आपल्या मळीत इलेल्याचा वायट मागूचा? ता माझ्या तोंडातसून येवचा नाय."

बारावं झालं आणि मी स्वतःच्या हातांनी सगळे बूट पोत्यांत भरले. बल्कांव धुऊन काढला. खुर्ची टाकून बसले तर बसवेना. शिकवणी संपली असंच सगळे धरून चालले होते... पण पुढच्या रविवारी सकाळी बघते तर अंगणात पोरांची रांग, आणि प्रत्येकाच्या हातात राखेचा डबा. पुढे रेश्मा उभी, गळ्यात शिट्टी. बाबलच्या पहिल्या तुकडीतली ही पोर, आता डिचोलीला कॉलेजात जाते. म्हणाली, मी शिकवीन. पण पोरं मैदानात उतरायलाच तयार नव्हती. गाऱ्हाण्याशिवाय खेळलं तर पाय मोडतो म्हणे! दोघं तर डबे घेऊन घरी निघालेसुद्धा. आज परतली ती पुन्हा यायची नाहीत, हे मला दिसत होतं.

गाऱ्हाणं घालणार कोण? माझ्या नवऱ्याने तर हात वर केले. रेश्मा माझ्याकडे वळली. तुम्हाला सगळं पाठ आहे काकी, रोज इथेच बसून ऐकलंय, तुम्हीच घाला, म्हणाली. आमच्यात गाऱ्हाणं पुरुषांनी घालायचं. मी म्हटलं, अगं, देव रागावेल. त्यावर ती म्हणते, "रागावलो तर बाबलकाका आसा थंय. तो समजावतलो."

डोक्यावर पदर घेऊन मी मळीत उतरले. त्याची शेवटची रेघ अर्धवटच राहिली होती, तिच्या टोकाशी नारळ ठेवला. देवांची नावं मागेपुढे झाली, काही राहूनही गेली असतील. काटा म्हटला, हाड म्हटलं, काजूचं कुंपण म्हटलं. मग पाठ होतं ते संपलं. पोरं वाट बघत होती.

"बा देवा म्हाराजा," मी म्हटलं, "आमचो बाबल तुझ्याकडे इलो हा, तेका सांभाळ. तेचे बूट मी परत बल्कांवात मांडतंय. आनी तेना सांगितलेला एक काम माझ्याकडसून अर्धा रवला... उजव्या पायाचो एक बूट तेवढो गावूंदे."

"व्हय म्हाराजा," मागून पोरं म्हणाली.