ग्लेनिसची वाटी

ग्लेनिस ट्रेगियरने आयुष्यभर शाळेची बस चालवली. निवृत्त झाल्यावर आमच्या गावच्या क्लबातली शनिवारची बोल्सची मॅच, म्हणजे हिरवळीवर जड बॉल घरंगळत पांढऱ्या छोट्या चेंडूजवळ न्यायचा खेळ, तिने कधी चुकवली नाही. दुहेरीत मी तिची जोडीदार. मागच्या हिवाळ्यात सांधेदुखीने तिचा अंगठा धरला आणि बॉल हातातून निसटायला लागला. आमचा कॅप्टन नेव्हिल मनाने फार चांगला, तीच तर पंचाईत. त्याने तिच्याकडे गुण लिहायचं आणि सँडविचं करायचं काम दिलं.

"सावलीत बैस ग्लेनिस, पुष्कळ खेळलीस," तो मायेने म्हणायचा.

"सावलीत ठेवतोय मला! मी काय लोणी आहे?" गाडीत बसल्यावर ती माझ्यावर उखडायची. तिला परत खेळायचं होतं, बस्स.

न वाकता बॉल टाकायची काठी दुकानात मिळते, पण ती गुडघे गेलेल्यांसाठी. हिचे गुडघे ठणठणीत. हिला हवी होती पंजात बसणारी वाटी, अंगठ्याचं काम करणारी. वाचनालयात थ्री-डी प्रिंटर होता. पण त्याला द्यायचं डिझाइन आधी कॉम्प्युटरवर काढावं लागतं, आणि त्यासाठीचे फुकट प्रोग्रॅम ढीगभर. तिने त्यातले तीन उतरवून घेतले आणि मला शेजारी बसवलं.

पहिला अगदी सोपा. ठोकळे ओढायचे, एकमेकांना चिकटवायचे, अर्ध्या तासात वाटी तयार. मी टाळ्या वाजवल्या. दुसरा दिसायला देखणा, हौशी लोकांना फुकट. पण दरवर्षी परवानगी नव्याने घ्या आणि डिझाइनं त्यांच्याकडे ठेवा.

"राहायला फुकट, पण किल्ली घरमालकाकडे," ग्लेनिसने नाक मुरडलं.

तिसरा जगभरच्या हौशी मंडळींनी मिळून बनवलेला, कायमचा मोफत. त्याच्या पडद्यावर इतकी बटणं होती की मला घेरीच आली.

"अगं, पहिलाच घे ना! झाली की वाटी."

"थांब जरा. नवी बस आली की मी आधी रिव्हर्स टाकून बघायचे."

मग तिने प्रत्येक प्रोग्रॅममध्ये मागे जाऊन अंगठ्याची जाडी बदलून पाहिली. पहिल्यात सगळं मोडून नव्याने रचावं लागलं. "थंडीत माझी बोटं सुजतात. उन्हाळ्यातली वाटी हिवाळ्यात बसायची नाही. दर वेळी श्रीगणेशा करत बसू?" तिसऱ्यात एक आकडा बदलला की बाकीची वाटी आपोआप जुळवून घ्यायची. म्हणजे, घ्यायला हवी होती. आधी लाल अक्षरांत कुरकुर झाली, वाटी गायब झाली, आणि शाळेच्या पोरांनी कधी ऐकले नसतील असे शब्द मी ग्लेनिसच्या तोंडून ऐकले. पण शेवटी वाटीने जुळवून घेतलं. तिसरा पक्का झाला.

वाचनालयात छापलेल्या पहिल्या दोन वाट्या फुटल्या, तिसरी हातात घट्ट बसली. नेव्हिलने ती उलटसुलट करून पाहिली. "टाक एकदा. दुखलं तर लगेच थांब हं."

ग्लेनिसने बॉल टाकला. वाटीने तो अलगद सोडला आणि तो हिरवळीवरून लोण्यासारखा गेला. मग वळला, तो भलत्याच बाजूला, शेजारच्या मॅचमध्ये घुसून त्यांचा पांढरा चेंडू उडवून मोकळा! आमचा बॉल मुद्दाम एका अंगाला वळेल असा घडवलेला असतो, आणि त्या अंगाला छोटी खूण असते. बॉल जिकडे वळवायचा तिकडे ती धरली नाही, तर तो उलटा वळतो. नव्या वाटीने नेमकी ती खूणच झाकली होती.

उलटा बॉल टाकणाऱ्याला आमच्याकडे शिक्षा असते. चहाच्या किटलीवर घालायची नारिंगी लोकरीची टोपी मॅच संपेपर्यंत डोक्यावर चढवायची. नेव्हिलने घातली आहे, चर्चच्या पाद्रीबाबांनी घातली आहे, माझ्या डोक्यावर चढून चढून तर ती सैल झाली आहे. एरवी लोक हुर्यो करतात. त्या दिवशी कुणी टोपीचं नावही काढलं नाही. "प्रयत्न छान होता," कुणीतरी पुटपुटलं. मीही खाली मान घालून बुटांकडे बघत राहिले. मला तिची दया आली होती, आणि त्या दयेची लाजही वाटली.

हिरवळीच्या मधोमध ग्लेनिस लालबुंद होऊन उभी होती.

"नेव्हिल! टोपी कुठाय?"

"अगं राहू दे. तुझा हात..."

"हाताने चोख टाकलाय! चुकलं ते डोकं. आण टोपी!"

नेव्हिल क्षणभर घुटमळला. मग स्वयंपाकघरात गेला, किटलीवरची गरम टोपी काढून आणली आणि तिच्या कानांवरून खाली खेचली.

"आंधळे!" तो केवढ्याने तरी ओरडला. "शेजारी मॅच चालू आहे, दिसत नाही?"

सगळा क्लब खो खो हसत सुटला. वर्षभरात तिच्यावर कुणी आवाज चढवला नव्हता. टोपीखाली ग्लेनिस रडत होती, आणि इतकी खुशीत मी तिला कधी पाहिली नव्हती. तिने बाहीने डोळे पुसले, दुसऱ्या बॉलची खूण नीट पाहिली, आणि तो वाटीत बसवला.

"उद्या वाटीला खिडकी पाडते," ती मला म्हणाली. "आता सरक बाजूला, नाहीतर पाय मोडेन तुझा."