दाजींचा बदलीवाला पाय

अख्ख्या सुरतेत आमच्या दाजींइतका चाललेला माणूस दुसरा सापडणार नाही, आणि इतकं चालून कुठेच न पोहोचलेलाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. वीस वर्षं एका खात्यावर, म्हणजे लूमच्या कारखान्यात, आठ लूमच्या मधल्या बोळीतून ते रोज बारा तास मागेपुढे करत राहिले. बोळ इतकी चिंचोळी की अंग तिरपं करूनच चालावं लागे, आणि ती सवय अशी मुरली की लग्नाच्या मांडवातही ते तिरपेच शिरत. लूमच्या खडखडाटामुळे आवाज कायम वरच्या पट्टीत. एकदा उधन्याला कोणाच्या दहाव्याला गेले आणि घरच्यांचं सांत्वन इतक्या मोठ्याने केलं की पलीकडच्या गल्लीतली माणसं भांडण लागलं म्हणून धावत आली. कोणीही भेटलं की आधी त्याची बाही चिमटीत धरून कापडातला दोष दाखवायचे, मग ख्यालीखुशाली. प्लेगच्या वर्षी लोक मिळेल त्या गाडीने सुरत सोडून पळाले, तेव्हा दाजी ताईला गाडीत बसवून स्वतः खात्यावर परतले. लूमवर कापड अर्धवट राहिलं होतं म्हणे. शेठ केव्हाच कुलूप लावून पसार झाला होता. दाजी दिवसभर त्या कुलपासमोर बसून राहिले.

अशा माणसाला पुढच्याच वर्षी, संक्रांत उलटल्यावर, लकवा मारला. डावी बाजू गेली. सरकारी दवाखान्यातून तीन आठवड्यांनी घरी आणलं तेव्हा बोलणं शाबूत होतं, आवाजही होता तेवढाच मोठा, पण उभं केलं की अंग डावीकडे कलायचं. दवाखान्यात व्यायाम शिकवणारी एक गुजराती बेन होती. तिने मला सगळं समजावून दिलं. कमरेला पट्टा बांधून मागून धरायचं, नजर पायाकडे नाही तर समोर, आणि भार मुद्दाम दुबळ्या पायावर द्यायचा, नाहीतर तो पाय चालणं विसरतो. पट्टा म्हणून ताईने खात्यावरच्या कोऱ्या कापडाची चौपदरी घडी शिवली. माझी भेस्तानच्या कापड रंगवणाऱ्या प्रोसेस मिलमध्ये टाइमकीपरची नोकरी. पहाटे निघायचं, चारला सुटायचं, सायकल हाणत दाजींच्या चाळीत यायचं आणि तो पट्टा हातात धरायचा. दाजी अंगाने भरलेले. दुसऱ्या आठवड्यात माझी कंबर धरली, तिसऱ्यात बायकोने बोलणं कमी केलं. देवळापुढून जाताना मी हात जोडायचो ते दाजी बरे व्हावेत म्हणून, की मी सुटावं म्हणून, हे देवालाच ठाऊक.

दाजींनी मात्र या दुखण्याचा आपल्या पद्धतीने निकाल लावला होता. उभं राहिल्यावर पहिल्याच दिवशी सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं त्यांनी जाहीर केलं, "हाऊ पाय मना शेच नही. बदलीवाला शे!" पाय त्यांचा नव्हताच म्हणे, बदलीवाला होता. बदलीवाला म्हणजे कायमचा कारागीर रजेवर गेला की त्याच्या लूमवर उभा करतात तो माणूस. त्याला काम ठाऊक नसतं, मन लागत नसतं, आणि ओरडलं तर तो उद्यापासून येत नाही. म्हणून दाजी त्या पायाला कधी ओरडले नाहीत. चहा आला की बशीतला पहिला घोट त्याच्या नावाने स्वतः घ्यायचे. पाऊल उचललं गेलं तर त्याला शाबासकी, नाही उचललं तर 'नवा आहे, शिकेल' अशी माझीच समजूत घालायचे. कोणी पारव्याच्या रक्ताची मालीश सुचवली, तेव्हा परक्या माणसाच्या अंगाला असलं काही लावायचं नसतं म्हणून त्यांनी ती नाकारली. आणि बदलीवाल्यालाही साप्ताहिक सुट्टी लागतेच. सोमवारी आमच्या भागात वीज बंद, खाती बंद. त्या दिवशी दाजी खाटेवरून उतरायचे नाहीत. मलाही सुट्टी हवीच होती. मी कशाला नाही म्हणतोय!

दोन महिने पाय हलेना. अंगणात तीन पावलं टाकली की घामाने निथळायचे. मग एकदा त्यांनी हट्टच धरला, मला खात्यावर ने. हातगाडीवर बसवून नेलं. लूम धडधडत होते. दाजींनी बोळीच्या तोंडाशी उभं राहून अंग तिरपं केलं आणि त्या खडखडाटाच्या ठेक्यावर चालू लागले. डावा पाय मागून घसटत, पण बिनचूक येत होता. मी पट्टा धरून नुसता मागे. आठही लूम पार झाले तेव्हा कारागिरांनी काम थांबवून बघितलं, आणि काम थांबवलं म्हणून दाजींनी त्यांना झापलं. त्यानंतर आम्ही चाळीतच सराव करू लागलो. खोलीपासून टोकाच्या संडासापर्यंत चाळीची बोळ तशीच चिंचोळी, आणि मागच्या भिंतीला लागूनच दुसरं खातं. भिंतीतून ठेका यायचा, दाजी त्यावर चालायचे. चैत्र सरता सरता ते माझ्या हाताशिवाय जाऊन येऊ लागले.

हे जमायलाच हवं होतं. दाजींचे थोरले भाऊ आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी गावाहून येणार होते. त्यांनी कळवलं होतं की स्वतःच्या पायाने संडासापर्यंत जाता येत असेल तर सुरतेत राहा. नाहीतर खोली सोडा आणि गावी चला. बोलण्यात खोट नव्हती. पण ताई घरी साड्यांना टिकल्या लावून चार पैसे कमवत होती, गावी ती जावेच्या हाताखाली जाणार होती. एकदा मला जिन्याशी गाठून म्हणाली, "माले गावले नको धाडू रे भाऊ." मी दाजींच्या थोरल्या भाऊंना उलट टपाली कळवलं, सोमवारी या, आम्ही सगळे घरी असतो.

सोमवारी ते आले. चाळीतली माणसं दारात उभी राहिली. दाजी ताठ उठले, अंग तिरपं केलं, चार पावलं टाकली आणि थांबले. मान जरा वाकडी करून उभे राहिले, काहीतरी ऐकू येण्याची वाट बघावी तसे. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आज खातं बंद! वीस वर्षं लूमवर काढलेला माणूस, टाइमकीपर मेहुणा आणि कारागिरांनी भरलेली चाळ, आणि कोणाच्या म्हणून लक्षात आलं नाही. मी वेड्यासारखा दारावर थापा मारून ठेका धरू लागलो. एका दारातून किती आवाज निघणार? पाय उचलला, वळला, आणि मी धावत जाऊन पट्टा पकडला.

भाऊ डोळे पुसत म्हणाले की चला घरी, तिथे सगळे आहेत. ताई माझ्याकडे बघत होती. 'उद्या बघा, उद्या खातं चालू असेल' एवढंच मला म्हणायचं होतं. वाक्य जिभेवर आलेलं होतं. पण उद्या म्हणजे परत चार वाजता सायकल, परत तो पट्टा, आणि किती महिने कोणास ठाऊक. मी गप्प राहिलो. दाजींनी सगळा भार टाकून माझ्याकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात म्हणाले, "सोड आते. तू बी थकी गया."

चौथ्या दिवशी मी त्यांना उधन्याहून भुसावळकडच्या गाडीत बसवलं. ताई खिडकीशी बसली, पण माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी चारला सुटलो, सरळ घरी आलो, हातपाय धुतले, चहा घेतला. बायकोने विचारलं, असे काय बसलात? मी म्हटलं, दमलोय. खरं तर त्या दिवशी मी मुळीच दमलो नव्हतो.