रबराखालचा पत्रा

पिकअपच्या हौद्यात रबर टाकायचं डोकं माझंच. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या नात्यात आजही सगळे असंच समजतात की माझ्या धाकट्या भावाने माल जास्त भरला आणि आपल्या हाताने आपला पाय घालवून बसला. मी इतके दिवस त्यांना तसं समजू दिलं.

पिंपरीतल्या एका गाड्यांच्या कंपनीत मी बावीस वर्षं पेंट शॉपला होतो. कोरा पत्रा धुवायचा कसा, त्यावर प्रायमर किती बसवायचा, भट्टीतून निघालेल्या दाराला बोट लावलेलं कसं ओळखायचं, हे सगळं मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. ओरखडा पडला की तिथून गंज धरतो, हे मी नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी ऐकवायचो. कंपनी सोडल्यावर भावाच्या आणि माझ्या नावावर मिळून पिकअप घेतली. गाडी तो चालवायचा, फोन आणि गाडीची निगा माझ्याकडे. भोसरीच्या फाउंड्रीतून ओतीव लोखंडाचं कास्टिंग उचलायचं, तळवड्याला मशीनिंगला टाकायचं, तिथला तयार माल चाकणला पोचवायचा. काम रोजचं होतं, आणि भाऊ मन लावून करायचा. तो माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. वडील लवकर गेले, त्यामुळे घरात माझा शब्द खाली पडत नसे. मला त्याची सवय झाली होती.

कास्टिंगच्या कडा म्हणजे करवतच. पहिल्या आठवड्यातच हौद्याच्या तळाला चार ओरखडे पडले आणि माझं जेवणावरचं लक्ष उडालं. भाऊ म्हणाला, "दादा, मालवाहू गाडी हाय, पडायचंच." मी त्याला अर्धा तास गंजावर व्याख्यान दिलं. मग एका भंगारवाल्याकडून कन्व्हेयरचा जुना पट्टा आणला, बोटभर जाड रबर, आणि हौद्याच्या मापाने कापला. ब्रेक मारला की तो पुढे सरकायचा, म्हणून बोल्टने आवळायचं ठरवलं. ड्रिल मशीन शेजाऱ्याकडून आणलं आणि एका दुपारी अठ्ठेचाळीस भोकं पाडली. सरळ ओळींत, टेप लावून. पेंट शॉपमध्ये जन्म काढलेल्या माणसाने नव्याकोऱ्या पत्र्याला अठ्ठेचाळीस भोकं पाडली आणि त्यांच्या उघड्या कडांना प्रायमरचं एक बोटसुद्धा लावलं नाही. वर रबर येणारच होतं ना! तेव्हा वाटलं, झाकलं म्हणजे सुटलो.

गाडी दिसायची मात्र देखणी. चाकणला माल उतरवायच्या रांगेत बाकीचे ड्रायव्हर येऊन बघायचे. "राव, तीन वर्षं झाली, एक ओरखडा न्हाई," असं कोणी म्हटलं की मी फुलून जायचो. रबराची आयडिया मी दहाएक जणांना तरी शिकवली असेल. त्यांच्यापैकी किती जणांनी ती ऐकली, हे विचारायची आता हिंमत होत नाही.

तळवड्याहून निघणारा माल मशीन गार ठेवणाऱ्या कूलंटने ओला असतो, दुधासारखं पांढरं पाणी गळत असतं. ते बोल्टच्या बाजूने रबराखाली उतरायचं. पावसाळ्याचं पाणीही तिथेच. रबर वरून दोन तासांत सुकायचं, खाली काय चाललंय ते कोणाला दिसत नव्हतं. एका खंडेनवमीला आम्ही पाइप लावून गाडी धूत होतो. भाऊ हौद्यात उभा होता. तो टाच आपटून म्हणाला, "दादा, हितं पत्रा दबतोय. एकडाव रबर काढून धुऊया का?"

"पूजेच्या दिवशी गाडीचे बोल्ट कोण खोलतं?" मी म्हणालो. आई हळदी-कुंकवाचं ताट घेऊन उभी होती. भावाने पाइप बंद केला. झेंडूचा हार घातला, बोनेटवर स्वस्तिक काढलं, रबरावरही पाच बोटं कुंकू लावलं. पेढे वाटले, आणि तो विषय तिथेच संपला.

पुढच्या पावसाळ्यात घरासमोर गाडी लावायच्या जागेवर तांबडे डाग पडायला लागले. भावाने मला बोलावून दाखवले. मी वाकूनही बघितलं नाही. "चेसीचं असेल, चिखलाने होतं," असं म्हणून मोकळा झालो. माझ्याच गाडीखालचा गंज मला दुसऱ्याने दाखवावा, हे मला सहन झालं नाही. तेव्हा ते असं कबूल केलं नसतं.

पाय गेला तो दिवस साधा होता. सकाळचे अकरा वाजले असतील. चाकणच्या कंपनीत फोर्कलिफ्ट बंद पडला होता, म्हणून भाऊ स्वतः हौद्यात चढला आणि लोखंडी पेटी मागच्या फाळक्याकडे ढकलायला लागला. केबिनच्या बाजूला, जिथे गाडी उतारावर उभी केली की पाणी साचायचं, तिथे रबर खचलं. बोल्ट पत्र्यातून सुटले आणि त्याचा डावा पाय मांडीपर्यंत खाली गेला. ओढून काढायच्या आत भरलेली पेटी खचलेल्या तळावरून त्याच्याकडे घसरली आणि अडकलेल्या गुडघ्यावर बसली. मला फोन आला तेव्हा मी निगडीच्या बस स्टँडवर होतो. बसमध्ये चढताना पायऱ्या दिसत नव्हत्या मला.

डॉक्टर म्हणाले, पाय वाचवला, पण गुडघा आता वाकणार नाही. आम्हा दोघांनाही एकाच क्षणी कळलं की हा क्लचचा पाय. भावाने छताकडे बघितलं. त्याला दुसरं कुठलं काम येत नव्हतं आणि दुसरं कुठलं आवडतही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कंपनीचे सेफ्टीवाले साहेब जबाब लिहून घ्यायला आले. त्यांनी विचारलं, पत्रा कसा काय फाटला? मी पलंगाच्या डोक्याशी उभा होतो. भावाने माझ्याकडे बघितलंच नाही. "माल जास्त भरला सायब. माजीच चूक." साहेबांनी लिहून घेतलं. मी त्या वेळी तोंड उघडायला हवं होतं. मी हातातल्या पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत राहिलो. मी घाबरलो होतो, दुसरं काही नाही. संध्याकाळपर्यंत तेच वाक्य घरी, गल्लीत, सांगवीच्या मावशीपर्यंत पोचलं. सगळे त्यालाच बोलले, इतकी कसली घाई म्हणून. त्याने ऐकून घेतलं.

गाडी टो करून घरी आणली. आठवडाभर मी तिच्याकडे फिरकलो नाही. मग एका सकाळी पाना घेऊन हौद्यात चढलो, फळी टाकून, तिच्यावर बसून. पुढचे बोल्ट खोलायची गरजच नव्हती, हाताने ओढले की पत्र्याच्या तुकड्यासकट येत होते. रबर उलटलं आणि कुजका, तेलकट वास आला. थालीपिठाला बोटाने भोकं पाडतो ना, तशी माझी अठ्ठेचाळीस भोकं रुंदावत एकमेकांना मिळाली होती. वरचा रंग मात्र मधूनमधून तसाच होता, चकचकीत, त्याच्यावर खरंच ओरखडा नव्हता. त्याच्यावर अंगठा दाबला तर रंग बोटाखाली तुटला आणि खालून भुगा निघाला.

मागच्या फाळक्याकडचे बोल्ट वेगळे होते. मी प्रत्येक नटाखाली एक वॉशर टाकतो. इथे दोन-दोन होते, आणि दोन वॉशर टाकायची सवय भावाची. तिथलं रबर काढलं तर खाली नव्या पत्र्याचे तीन तुकडे रिव्हेट मारून बसवलेले. कडांना गंज रोखणारा रेड ऑक्साइड लावलेला, कुठे एक हात कमी, कुठे एक हात जास्त. ब्रश त्याला कधी धरताच आला नाही. मी गाडीखाली शिरून बघितलं. ठिगळांना खालून काळा रंग मारला होता, बाकीच्या तळाशी मिळून जावा असा. खालून बघणारा माणूस घरात एकच होता, मी. कधीतरी मी दोन दिवस सासुरवाडीला गेलो असेन, तेवढ्यात त्याने हे उरकलं असणार. पुढच्या भागाला हात लावायचा तर सगळं रबर काढायला लागलं असतं, आणि सगळं रबर काढायचं म्हणजे मला विचारायला लागलं असतं.

मी गाडीखाली तसाच पडून राहिलो. आईने दोनदा हाक मारली, तेव्हा कुठे बाहेर आलो.

गाडी भंगारात गेली. भाऊ आता चाकणच्या त्याच कंपनीच्या गेटवर बसतो, येणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहितो. डावा पाय सरळ पुढे काढून बसायला लागतं, म्हणून टेबलाची एक फळी काढून टाकली आहे. मी आठवड्यातून एकदा डबा घेऊन जातो. ठिगळांबद्दल विचारायला मला पाच महिने लागले.

"तुला ठाऊक होतं," मी म्हणालो. "मग मला बोलला का नाहीस?"

त्याने एका टेम्पोचा नंबर लिहून घेतला, गेट उघडायला खूण केली. मग म्हणाला, "बोललो व्हतो की. तीनदा."

मी मनात मोजलं. एक खंडेनवमीचं, एक तांबड्या डागांचं. तिसरं मला सापडेना.

"तिसऱ्यांदा जेवताना बोललो. तुमी ताटावरनं उठला. आईनं मला सांगितलं, पुन्यांदा त्यो विषय काढू नगंस, त्यो उपाशी ऱ्हातो."

माझ्या आवाजाने त्या घरात काय काय बंद पडलं असेल, याचा मला पत्ताच नव्हता. ते जेवण मी कितीतरी वेळ आठवून बघितलं, आलं नाही. मी नेहमीच उठायचो ताटावरून, त्यातलं ते एक.

मी म्हणालो, "मी साहेबांना जाऊन सांगतो. चूक तुझी नव्हती म्हणून. घरीही सांगतो."

"आता काय उपेग?" तो म्हणाला. त्याने डबा उघडला, भाकरी मोडली आणि अर्धी माझ्यासमोर ठेवली. "बसा दादा. जेवा आधी."