आमच्या घरात न चालणारं अंडं

"हिच्यात अंडी आहेत, पण ती पिकून बाहेर पडत नाहीत," जळगावच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

शेजारी बसलेल्या बाईजी, म्हणजे माझ्या सासूबाई, ताडकन उठल्या. "आमना घरमा अंडं चालत नही!"

आम्ही जैन, शिंदखेड्याचे कापडवाले. त्यांना वाटलं, मला अंडी खायला सांगतायत. मी हसू पदरात दाबलं. हसण्याची वेळ नव्हती. मूल होत नाही म्हणून बाईजींनी माझ्या नवऱ्यासाठी भडगावची एक मुलगी हेरून ठेवली होती. यांच्या तपासणीत दोष निघाला नव्हता, म्हणजे माहेरी जायची पाळी माझीच होती.

डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत, समजावू लागल्या. बाईच्या ओटीपोटात दोन ओव्हरी, म्हणजे बीजकोश. त्यांत फॉलिकल, म्हणजे बारीक पिशव्या, प्रत्येकीत एक अंडं. दर महिन्याला काही फुगतात, बहुधा एकच पिकून फुटते आणि अंडं सुटतं. त्याला म्हणायचं ओव्ह्युलेशन. माझं गाडं तिथेच अडलं होतं.

"आणि ही अंडी मुलगी आईच्या पोटात असतानाच तयार होतात," त्या म्हणाल्या.

माझ्या अंगावर काटा आला. आई मला पोटात घेऊन पापड लाटत होती, तेव्हा माझं होणारं मूलही तिच्याच पोटात होतं! बाईजी गुपचूप खाली बसल्या. परतीच्या बसमध्ये धुळं आलं तशा त्या माझ्याकडे सरकल्या. मग हळूच विचारलं, म्हणजे आपणही आपापल्या आजीच्या पोटात होतो? मी हो म्हटलं.

गोळ्या सुरू झाल्या. सकाळी उठण्याआधी अंथरुणातच थर्मामीटर तोंडात धरायचं, कारण अंडं सुटल्यावर अंग किंचित गरम राहतं. चहाआधी लोळणारी सून त्या घराने पाहिली नव्हती. पण बाईजीच दारातून विचारायच्या, "ताप शे का?" नाही म्हटलं की त्यांचा चेहरा उतरायचा. शेजारणी चक्रावून जायच्या.

भडगावच्या मुलीचं लग्न दुसरीकडे ठरल्याचं बाईजींनीच सांगितलं, जसा काही आपला संबंधच नव्हता.

एका महिन्यात पारा चढला आणि उतरलाच नाही; पाळीही चुकली. मी थर्मामीटर हातात धरून कितीतरी वेळ रडत बसले.

बायांनो, तपासणी दोघांची करा. दवाखान्याच्या बाकावर माझ्याशेजारी बसणाऱ्या फैजपूरच्या ताईला गोळ्यांचा गुण आला नाही. तिला कुणी वांझ म्हटलं की माझं डोकं फिरतं. ते अंड्यांचं नवल तिच्याही पोटात होतंच.

मला धुळ्याला मुलगी झाली. भेटायला आलेली एक नातेवाईक हळहळली, "इतकं करून मुलगीच आली?"

बाईजींनी बाळाच्या पोटावर अलगद हात ठेवला. "एकली नात नही उनी. मन्हा समदा पणतू बी संगे उनात."